खुंटांपाशी उचललेला गळ

ह्या वर्षीच्या श्राद्धापर्यंत आमच्या घरचा माणूस कधी एका जागी बसला नाही. जेवायला बसवावा तर अर्ध्या भातावरून उठायचा, काठावर जाऊन पाणी बघून यायचा आणि मला सांगायचा, "ओहोटी लागली." जशी काही ह्याला विचारूनच लागते. मी म्हणायची, मी जन्मले त्याच्या आधीपासून लागतेय, तुम्ही आधी वाडग्यातला भात संपवा. तो हो म्हणायचा, चार घास खायचा आणि पुन्हा उठायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सांगणार कुणाला? ह्याच माणसाशी मी हौसेनं लग्न केलं होतं.

नाव त्याचं लाम. सगळे साऊ लाम म्हणतात, म्हणजे सहावा लाम. खरा तो पाचवा. थोरल्यालाच 'दुसरा' म्हणायची आमची रीत, म्हणजे पहिल्या मुलावर कुणाची नजर बसायला नको. त्यामुळे सगळ्यांचेच आकडे एकानं पुढे. मी ताम, आठवी, म्हणजे मोजायची तर सातवी. माझ्या आधीची सगळी लहानपणीच गेली किंवा लांब दिली. घरात मी आणि बा एवढेच उरलो होतो.

लामबद्दल सांगायचं तर बोटीबद्दल सांगावं लागतं, कारण पंचविसाव्या वर्षी तो तिच्यावर चढला तो साठीपर्यंत उतरलाच नाही म्हणा ना. चार नंबरची बोट. चव्वेचाळीस साली समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाली. सैनिक किनाऱ्यावर उतरवायची बोट ती. तोंडाशी एक भलीमोठी लोखंडी झडप, ती धाडकन खाली पडायची आणि आतले लोक पळत सुटायचे. अशा बोटींना आमच्याकडे सगळे 'आ वासणारी' म्हणतात. कुठल्या तरी बेटावर तिच्या झडपेला गोळ्या लागल्या होत्या, त्यांची सात ठिगळं होती. मग फ्रेंच तिला सायगॉनजवळच्या आमच्या लाँग ताऊ नदीत घेऊन आले. ते गेले, झेंडा बदलला, बोट राहिली. चौसष्ट साली तिची झडप वेल्डिंग करून कायमची बंद केली, सैनिक उभे राहायचे तिथे मागच्या बाजूला साखळी गुंडाळायचं एक विंच बसवलं, विंचाला साखळी आणि साखळीला चार आकड्यांचा गळ. झाली पाणसुरुंग काढायची बोट. हे सगळं लाम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. स्वतःच्या आजोबाचं नाव विचारलं तर विचार करील, बोटीची कुळकथा मात्र तोंडपाठ.

काम ऐकायला सोपं आहे. भरतीबरोबर मोठी जहाजं सायगॉनला जायची. ती उडवायला सरकारविरुद्ध लढणारे झाडीतले लोक नदीत सुरुंग ठेवायचे. सुरुंगापासून तळातून एक वायर काठाला यायची आणि कांदळवनात एक माणूस वायरची दोन टोकं हातात धरून बसायचा. जहाज वर आलं की टोकाला टोक लावायचं. म्हणून रोज सकाळी जहाजांच्या आधी दोन बोटी निघायच्या, एक ह्या काठानं, एक त्या काठानं. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून शोधतात ना, तसा गळ तळावरून ओढत न्यायचा. वायर अडकली की तुटली. तुटली की सुरुंग मेला.

आता गंमत अशी की काठाच्या त्याच पट्ट्यात आमच्या डोली, म्हणजे खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी. आमच्या वाडीचं नावच शोम दाय, म्हणजे डोलवाल्यांची वाडी. नदीच्या वळणावर माझ्या आज्यानं पुरलेले अकरा खुंट होते. खुंटांना तळाशी दोर, दोरांना डोल, ओहोटीच्या तोंडाला तोंड करून. उधाणाच्या दिवसांत ओहोटी जोरात सुटली की कोळंबी आपल्या पायानं चालत आल्यासारखी डोलीच्या शेपटाच्या खोळीत येते. त्यावर आमची पोटं. आणि चार नंबरचा गळ काय बघतो, वायर कुठली आणि दोर कुठला? त्यानं एका सकाळी आमची डोल उभी फाडली. बा हातात बांबू घेऊन काठाकाठानं बोटीबरोबर पळत होता आणि बोटीवरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

दुसऱ्या दिवशी एक लहान होडी आमच्या घराशी लागली. तीत एक खलाशी, फाटलेल्या डोलीचा ओला ढीग, सुताचा गुंडा आणि जाळं विणायची सुई. काही न बोलता अंगणात बसला आणि विणायला लागला.

बा म्हणाला, "सरकारी माणूस जाळं विणतो? कुणी शिकवलं?"

"माझ्या बानं. गो काँगला आमचे नऊ खुंट होते."

"होते म्हणजे?"

"लढाईत गेले. बा त्याच्या आधीच गेला."

बा खाली वाकून एकेक गाठ बोटानं ओढून बघत राहिला. एकही सैल निघाली नाही, त्यामुळे त्याला आणखी राग आला. मी कण्यांचा भात आणि आंबट कढण आणून ठेवलं. पंधरा दिवसांनी गळानं पुन्हा डोल फाडली, पुन्हा हा हजर. तिसऱ्यांदा बा मला म्हणाला, "हा फाडायला येतो का विणायला येतो?" मी म्हटलं, "बा, ह्याला जाळ्याचं काही पडलेलं नाही." सहासष्टच्या नव्या वर्षानंतर आमचं लग्न झालं.

इथून पुढचं सांगताना मी गोलगोल बोलणार नाही. गळ उचला असं त्याला मीच म्हटलं. बानं नाही. लग्नाला महिना झाला नव्हता, मी भात वाढता वाढता म्हटलं, "पहिल्या खुंटाच्या अलीकडे गळ वर घ्या, अकरावा गेला की सोडा. एवढ्यानं काय होतंय?"

तो म्हणाला, "तेवढी जागा उघडी राहते, ताम."

"एवढी मोठी नदी. कुणाला नेमकी तेवढीच जागा सापडणारे का?"

हे माझे शब्द आहेत. आजपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही डोक्यात.

त्यानं उचलायला सुरुवात केली. पहिला खुंट दिसला की विंचाचा दांडा ओढायचा, मनात एक ते चाळीस मोजायचे, चाळिसाला अकरावा खुंट मागे पडायचा, की सोडायचा. बोटीचा तांडेल, म्हणजे मुख्य, होता क्वोय. पोट सुटलेला, हसरा, खाण्याचा दांडगा शौकीन. पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं. क्वोय म्हणाला, "माझ्या सासऱ्याचे खुंट असते तर मीही उचलला असता. फक्त सासऱ्याला सांग, बोटीवर सात तोंडं आहेत." तेव्हापासून उधाणात रोज एक टोपली कोळंबी चार नंबरवर जायची. मी होडीतून नेऊन द्यायची, ती इंजिनाशेजारच्या चुलीवर शिजायची. पलीकडच्या काठाच्या बोटीवरही कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलता. सगळे उचलायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. डोल एकदाही फाटली नाही आणि बा जावयाला तांदळाची दारू स्वतः ओतून द्यायला लागला.

सदुसष्ट साल, आठव्या महिन्याची पौर्णिमा. वाडीत पोरांच्या कागदी कंदिलांची गडबड. दुपारच्या ओहोटीला मी आणि बा खोळ रिकामी करायला गेलो होतो. मी होडी नेहमीसारखी पहिल्या खुंटाला बांधली. पाणी उतरलं होतं, आणि दुसऱ्या खुंटाला, एरवी जिथे नुसते कालवांचे शिंपले असतात तिथे, मला काळी वायर दिसली. खुंटाला दोन वेढे, पक्की गाठ, आणि खाली तळाकडे गेलेली, पुढच्या खुंटांच्या दिशेनं.

मी म्हटलं, "बा."

बानंही बघितलं होतं. म्हणाला, "शेवाळ आहे."

"बा, वायर आहे."

"शेवाळ आहे म्हटलं ना. मान खाली घाल आणि कोळंबी वेच. हात थांबवू नकोस."

तेव्हा कळलं, कांदळवनातून कुणी आमच्याकडे बघत असणार. मी वेचत राहिले. काय वेचलं देव जाणे, निम्मी कोळंबी पाण्यात गेली. परत येताना बानं वल्हं जरासुद्धा जोरात मारलं नाही. मी टोपली मांडीवर घट्ट धरून बसले.

घरात आल्यावर बा हलक्या आवाजात बोलला. "खुंट कुणाचा? माझा. वायर कुणाच्या खुंटाला? माझ्या. लष्कराच्या तळावर सांगितलंस तर मला नेतील, पुन्हा दिसणार नाही मी. आणि मला सोडलंच तर ते झाडीतले तुला सोडणार नाहीत. आपल्याला काही दिसलं नाही."

"आणि लाम? उद्या सकाळी त्याची बोट तिथूनच जाणार."

"त्याची बोट एवढीशी. हे मोठ्या जहाजासाठी बसलेत."

असं म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्यानं अन्नाला हात लावला नाही. सणाच्या गडबडीत बोटीला दोन दिवस टोपली गेली नव्हती, आजही गेली नाही.

सणामुळे लामला घरी सोडलं होतं. संध्याकाळी तो आला, हातात चंद्राचे केक, ह्या पौर्णिमेला खातात ते, माझ्यासाठी. मी वाढत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. एकदा मिठाचं भांडं आणायला गेले आणि झाडू घेऊन आले. जीव नुसता टांगणीला. खरं सांगितलं तर हा क्वोयला सांगणार, क्वोयला वर सांगावंच लागणार, आणि मग बा संपला. नाही सांगितलं तर हा. मी भात वाढताना मनाशी एक वाट काढली. गळ खाली असला की दुसऱ्या खुंटापाशीच वायर तुटेल. डोल फाटेल, दोर जातील, खुंटही जातील, जाऊ देत. वायर सापडली ती गळाला सापडली. कुणी सांगितलं नाही, कुणी पाहिलं नाही. मला ती वाट फार शहाणपणाची वाटली.

मी म्हटलं, "उद्या आपल्या खुंटांपाशी गळ उचलू नका."

"का?"

"माझं नि बाचं भांडण झालंय. फाटू दे त्याची डोल."

तो हसायला लागला. "कशावरून?"

"तुम्हाला काय करायचंय? मी सांगते तेवढं ऐका. उचलणार नाही म्हणा."

"बरं बाई, नाही उचलणार." म्हणाला आणि केक माझ्यापुढे सरकवला. पण हसतच होता.

त्या हसण्यानं माझा घात केला. पहाटे तो गेला आणि मी घरात नुसत्या येरझारा घालत राहिले. मला वाटायला लागलं, हा ऐकणार नाही. भांडण आज आहे, उद्या मिटेल, मग ही डोलीसाठी रडेल, असा विचार करून हा बरोब्बर उचलणार. स्वभावच तसा. मला घर खायला उठलं. बा म्हणाला, "कुठेही जायचं नाही." मी होडी सोडली.

खुंटांपाशी पोचले तेव्हा ओहोटीला जोर चढला होता. हातानं होडी थोपवून धरणं शक्य नव्हतं. मी ती पहिल्या खुंटाला बांधली. वळणावरून चार नंबरचं इंजिन ऐकू आलं, मग तिचं ते शिवून टाकलेलं तोंड दिसलं. मी उभी राहिले. दोन्ही हात खाली, खाली, खाली केले. लाम मागे विंचापाशी होता. त्यानं मला बघितलं, हे मी शपथेवर सांगते. आणि मी बघत असताना साखळी वर यायला लागली. गळ पाण्यातून निथळत वर आला. बोट माझ्यापासून दहा हातांवरून गेली. क्वोयनं टोपलीची खूण केली, कुठंय म्हणून, आणि पोटावरून हात फिरवला.

मी मोजायला लागले. तोंडातून आकडे आपोआप बाहेर पडत होते. सव्वीस झाले आणि बोट वर उचलली गेली.

मोठ्या जहाजासाठी नव्हताच तो सुरुंग. आठव्या खुंटापाशी, बोट रोज जायची त्याच वाटेवर ठेवला होता. कुणी तरी दीड वर्ष काठावर बसून तिचं गळ उचलणं बघितलं होतं.

क्वोय गेला. इंजिनावरचा माणूस गेला, थोई त्याचं नाव, अबोल माणूस. माझी होडी उलटली, मी खुंटाला मिठी मारून राहिले, शिंपल्यांनी दोन्ही हात चिरले गेले, त्याचे वण अजून आहेत. लामला पलीकडच्या बोटीनं बाहेर काढलं. त्याचा डावा कान त्या दिवसापासून बंद.

चौकशी झाली. गळ वर का होता, असं त्याला चार वेळा विचारलं. चारही वेळा तो म्हणाला, "विंच अडकलं होतं." त्याला पाच महिने कोठडीत ठेवलं. तोवर बोट वर काढून दुरुस्त केली, ठिगळं सतरा झाली, आणि विंच चालवणारा माणूस मिळेना म्हणून त्यालाच परत तिच्यावर पाठवलं. घरी आला तेव्हा मी पाय धुवायला पाणी दिलं. त्यानं मला काही विचारलं नाही. मीही त्याला काही विचारलं नाही. बानं तोवर अकराच्या अकरा खुंट उपटून काढले होते, एकट्यानं, तीन ओहोट्या लागल्या त्याला. कशासाठी ते त्यानंही सांगितलं नाही. दोन वर्षांत बा वारला.

कोठडीतून सुटल्यावर सात वर्षं लाम नदी विंचरत राहिला आणि एकदाही, कुणासाठीही, गळ वर घेतला नाही. सगळ्या वाडीच्या डोली फाडल्या. बायका काठावर उभ्या राहून ओरडायच्या, "सासऱ्याचं जाळं तेवढं जाळं, आणि आमचं काय गवत?" तो खाली मान घालून ऐकायचा आणि सुट्टीच्या दिवशी सुई घेऊन त्यांच्याच अंगणात विणायला जाऊन बसायचा. काही जणी पाणीसुद्धा देत नसत.

मी त्याच्या बाजूनं भांडायची. पण आतून मी त्याच्यावर चिडलेली होते, हे आज उघड सांगते. मी सांगितलं होतं ना, उचलू नका. हात करकरून सांगितलं होतं. ऐकलं असतं तर दोन माणसं जिवंत असती. दिवसातून दहा वेळा मी हे मनात म्हणायची, आणि दहाव्या वेळेनंतर आठवायचं की मी त्याला वायरचं सांगितलंच नव्हतं. मग मी भांडी आदळायची. त्याला वाटायचं कोळंबीचा भाव पडला.

पंच्याहत्तरला पुन्हा झेंडा बदलला. लाम दहा दिवस नव्या सरकारच्या शिकवणीला जाऊन आला. बोट विटा वाहायला लागली, मग रेती. त्र्याऐंशी साली तिला आमच्या वळणावर फेरीला लावायचं ठरलं, माणसं आणि सायकली पलीकडे न्यायला, आणि तिच्या झडपेचं वेल्डिंग कापलं. एकोणीस वर्षांनी तिनं पुन्हा आ वासला. झडप वरखाली करायला हातानं फिरवायचं विंच बसवलं, आणि त्यावर कोण? आमचेच हे. मीही तिच्यावर भाजलेली केळी विकायला लागले. दिवसाला वीस फेऱ्या. बाचे खुंट होते तिथून बोट जायला लागली की ह्याचे ओठ हलायचे. एक, दोन, तीन. लोकांना वाटायचं म्हातारा जप करतो.

क्वोयचं श्राद्ध आम्ही कधी चुकवलं नाही. क्वोयवहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे राहते. सत्तरी ओलांडली, तोंडात सदा पानाचा तोबरा, जीभ माझ्यापेक्षा तिखट. आम्ही दर वर्षी कोळंबी घेऊन जातो, ती शिजवते, क्वोयच्या तसबिरीपुढे ठेवते, मग आम्ही जेवतो. ह्या वर्षी जेवताना तिनं एक कोळंबी उचलून डोळ्यांपुढे धरली.

"ह्या मेलीपायी गेला माझा माणूस," म्हणाली.

लामचा घास हातातच राहिला.

"बघतोस काय? मला काय ठाऊक नव्हतं? टोपलीतली निम्मी ह्या घरी यायची. नवरा सांगायचा, साऊ सासऱ्यापाशी गळ उचलतो, त्याची ही दक्षिणा. मी पण चाटूनपुसून खाल्लीये, मी काय कुणाला बोलणार?" तिनं पिंक टाकली. "पण साऊ, एक सांग. त्या दिवशी कशाला उचललास? तीन दिवस टोपली आली नव्हती. आदल्या दिवशी हा कुरकुरत होता."

लाम म्हणाला, "विंच अडकलं होतं, वहिनी."

"बत्तीस वर्षं अडकलंय मेलं तुझं विंच," वहिनी म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात आणखी भात घातला.

परतीच्या फेरीला आम्ही बोटीवर चढलो. दुसरा माणूस ह्याच्या जागी होता, पण ह्यानं त्याला उठवलं आणि स्वतः विंचापाशी बसला. पुढच्या महिन्यात तिला भंगारात काढणार आहेत, पलीकडे नवी मोठी फेरीबोट आलीय. तो झडपेच्या ठिगळांवरून हात फिरवत होता. बोटीवर दोन मोटारसायकली, बदकांची एक मोठी टोपली, शाळेच्या बाई आणि मी. वळण आलं. त्याचे ओठ हलायला लागले. माझ्यानं राहवलं नाही.

मी म्हटलं, "विंच अडकलं नव्हतं."

तो मोजतच राहिला.

"मला वायर दिसली होती. आदल्या दिवशी. दुसऱ्या खुंटाला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यानं मान वळवली. मी डाव्या बाजूला बसले होते, मेलं माझं नशीब. त्यानं उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालीस?"

इंजिनाचा आवाज, बदकांचा कलकलाट. बत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं मला पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं लागलं. वायर. दुसरा खुंट. बा. भांडण झालं नव्हतं. मला माहीत होतं. शाळेच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "काहीतरी दिसलं असणार तुला, हे मला त्याच रात्री वाटलं होतं. भांडणासाठी कुणी बापाची डोल फाडत नाही."

"वाटलं होतं?" माझा आवाज चढला. "वाटलं होतं तर उचललात कशाला? मी काय खुणा करत होते? दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. खाली, खाली करत होतीस. मी उचलणार नव्हतोच, ताम. दांड्याला हातसुद्धा लावला नव्हता. वळण आलं आणि बघतो तर पहिल्या खुंटाला तुझी होडी बांधलेली. गळ खाली असता तर आधी त्या खुंटाचा दोर धरला असता. पुढे सोडला असता तरी तेच, सगळे दोर एकमेकांत बांधलेले. खुंट गेला असता, होडी गेली असती, आणि तू त्या ओहोटीत सरळ डोलीच्या तोंडात. जाळ्यात गेलेलं माणूस वर येत नाही. माझा बा नाही आला."

मी हातांवरच्या वणांकडे बघितलं. म्हटलं, "मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? होडी तू बांधली होतीस, हे?"

बोट काठाला लागली. तो उठला, दांडा फिरवला, झडप खाली गेली. मोटारसायकली उतरल्या, बदकं उतरली. शाळेच्या बाईंनी माझा दंड धरला, "उतरता ना, मावशी?" म्हणून. मी त्यांना जा म्हटलं.

त्या दिवसापासून हा शांत बसतो. वाडग्यातला भात शेवटच्या दाण्यापर्यंत संपवतो, वर मागूनही घेतो. दुपारी झोपतो चक्क, घोरतो. मी त्याला वाढते, समोर बसते, आणि बाहेर पाण्याचा आवाज बदलला की मीच अर्ध्या भातावर थांबते. मी वाडगा ठेवते आणि काठावर जाऊन बघून येते.

"लागली का ओहोटी?" तो आतून विचारतो.

"लागली," मी म्हणते.